मदत हवी आहे: ‘द अरीना’ (१९७४) वरचा लेख अडला आहे. ‘एक्स्प्लॉइटेशन’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आणि अर्ध्यावर अडकले. विषय ऐकून संपादक क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "लिहा, पण मांडणी सांभाळा." ती मांडणीच जमत नाहीये.

चित्रपट ‘द अरीना’. स्वस्तातले चित्रपट काढणारा अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मन याच्या ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’चा, स्टीव्ह कार्व्हर या दिग्दर्शकाचा पहिलाच. खर्च बेताचा, चित्रीकरण इटलीत. कॅमेरा आरिस्तीदे मासाचेसीचा, म्हणजे पुढे ‘जो दामातो’ (Joe D'Amato) या नावाने दिग्दर्शक म्हणून ओळखला गेलेला तोच. कथा प्राचीन रोमन काळातली. वेगवेगळ्या मुलखांतून धरून आणलेल्या बायका ब्रुंडुसियमच्या (आजचं ब्रिंडिसी) गुलामबाजारात विकल्या जातात. आखाड्याचा मालक त्यांना घरकामाला आणि ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यात लोकांसमोर शस्त्रांनी झुंजणाऱ्यांच्या, ‘करमणुकी’ला ठेवतो. एक दिवस मुदपाकखान्यात या बायकांची जुंपते आणि ती मारामारी बघून मालकाच्या डोक्यात येतं, यांनाच आखाड्यात उतरवलं तर? पुरुषांच्या लढती बघून लोक कंटाळलेलेच असतात.

मुख्य दोघी म्हणजे आफ्रिकेतल्या न्युबियाची मामावी (पॅम ग्रीअर) आणि उत्तरेकडची बोडिशिया (मार्गारेट मार्कोव्ह). बोडिशिया हे नाव सरळसरळ रोमनांविरुद्ध इ.स. ६०-६१ च्या सुमारास उठाव करणाऱ्या ब्रिटनमधल्या बूडिका राणीवरून घेतलेलं. या दोघी नट्या त्याआधी १९७३ च्या ‘ब्लॅक मामा, व्हाइट मामा’मध्ये एकत्र होत्या. तिथेही एक काळी, एक गोरी आणि दोघी एकाच साखळीत बांधलेल्या.

आता अडचण सांगते. हा चित्रपट बायकांची उघडी शरीरं दाखवून विकला गेला, यात शंका नाही. कॅमेरा कुठे रेंगाळतो ते लपत नाही, काही प्रसंग मला बघवले नाहीत. पण त्याच चित्रपटात आखाड्याभोवती बसलेले लोक दिसतात. बायकांची लढत म्हटल्यावर आधी ते हसतात, मग त्यांना रक्त हवं असतं. ते लोक बघताना मला अवघडल्यासारखं झालं, कारण मीही तिकडेच बघत होते. शिवाय एकमेकींना मारायला उभ्या केलेल्या बायका शेवटी मालकावर उलटतात, तो भाग मनापासून केलेला वाटतो. पटकथा जॉन विल्यम कॉरिंग्टन आणि जॉइस हूपर कॉरिंग्टन या नवरा-बायकोची आहे. तिच्यात जॉइस यांचा हात किती, हा प्रश्न मनातून जात नाही.

मदत दोन बाबतींत हवी आहे. एक, ‘एक्स्प्लॉइटेशन फिल्म’ला, म्हणजे असल्या स्वस्तातल्या, भडक विषयावर गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांना, मराठी शब्द. मी ‘शोषणपट’ लिहिलं होतं, ते वाचून नवरा म्हणाला की हा गिरणी कामगारांवरचा चित्रपट वाटतो. दोन, बायका खरंच अशा लढत होत्या का, की ही सगळी सिनेमावाल्यांची कल्पना? भक्कम आधार हवा.

प्रतिसाद १

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, लढत होत्या. सम्राट नीरोच्या काळातल्या इ.स. ६३ च्या खेळांविषयी रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की खानदानी स्त्रियांनीही आखाड्यात उतरून अब्रू घालवली. सम्राट डोमिशियन रात्री मशालींच्या उजेडात खेळ करवी आणि त्यांत बायकांच्याही लढती असत, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. इ.स. २०० च्या सुमारास सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने बंदी घातली. जे घडतच नव्हतं त्यावर बंदी कशाला घातली असती?

आणि सगळ्यात मोलाचा पुरावा हालिकार्नाससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोडरुमचा. तिथे सापडलेलं एक संगमरवरी शिल्प ब्रिटिश म्युझियमकडे आहे. दोन स्त्रिया समोरासमोर, हातात ढाल-तलवार. खाली ग्रीक लिपीत नावं: अमेझॉन आणि अकिलिया. वर लिहिलंय की दोघींना सोडून देण्यात आलं. म्हणजे दोघीही ताठ लढल्या, कुणीच हरलं नाही. नावंही बघा. अमेझॉन म्हणजे ग्रीक कथांतल्या लढवय्या बायका; त्यांची राणी पेंथेसिलिया आणि ग्रीक वीर अकिलीस यांच्या लढाईची कथा ग्रीकांच्या घराघरांत माहीत होती. तीच जोडी इथे घेतली, फक्त अकिलीसची अकिलिया केली. लढवय्या बायकांच्या कथेवर तमाशबीन गोळा करायची युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीही होती. तुमच्या लेखाची सुरुवात मला इथेच दिसते.

एक सावधगिरी. ‘ग्लॅडिएट्रिक्स’ हा शब्द रोमन वाटला तरी अलीकडचा आहे. प्राचीन लेखनात तो सापडत नाही, तेव्हा ‘रोमन लोक त्यांना असं म्हणत’ असं लिहू नका.

प्रतिसाद २

शब्दाबद्दल. ‘शोषणपट’ नकोच. अमेरिकन सिनेधंद्यात ‘एक्स्प्लॉइटेशन’ म्हणजे मुळात जाहिरातबाजी. चित्रपटात नावाजलेले नट नाहीत, पैसा नाही, मग एखादा खळबळजनक विषय धरून त्यावर पोस्टर रंगवायचं आणि गर्दी खेचायची. बायकांचं शोषण हा अर्थ नंतर चिकटला, आणि तो खोटा आहे असंही नाही. आपल्याकडे ‘गल्लाभरू’ हा चांगला रुळलेला शब्द आहे, तो का नको?

प्रतिसाद ३

‘गल्लाभरू’ मोठ्या बजेटच्या चित्रपटालाही म्हणतात. यात स्वस्तपणा आणि भडकपणा दोन्ही यायला हवेत. ‘सवंग’ म्हणावं तर तो थेट शेरा होतो, प्रकाराचं नाव राहत नाही. मी असतो तर ‘एक्स्प्लॉइटेशनपट’ असंच देवनागरीत ठेवलं असतं आणि पहिल्या वापरात दोन ओळींत अर्थ सांगितला असता. वाचक समजून घेतात.

चित्रपटाबद्दल एक भर. संकलकांच्या श्रेयनामावलीत ‘जो डान्टे’ (Joe Dante) आहे, पुढे ‘ग्रेमलिन्स’ (१९८४) हा चित्रपट दिग्दर्शित करणारा. कॉर्मनच्या कारखान्यात अशी पुष्कळ माणसं शिकून बाहेर पडली. २००१ मध्ये कॉर्मननेच या कथेवर पुन्हा चित्रपट काढला, रशियात, तिमूर बेकमाम्बेतोव्हच्या दिग्दर्शनात. दोन्ही लागोपाठ बघा. पॅम ग्रीअरचं पडद्यावर असणं म्हणजे काय, ते नव्यात तिची जागा रिकामी दिसली की कळतं.

धागाकर्ती

किती आभार मानू! हालिकार्नाससच्या शिल्पाचा फोटो काल रात्री मोठा करून बघत बसले होते. तळाशी दोन्ही बाजूंना गोल आकार आहेत. काही अभ्यासक त्यांना काढून ठेवलेली शिरस्त्राणं म्हणतात, काही प्रेक्षकांची डोकी. डोकी असतील तर बघणारेही त्या दगडात कोरलेत, आणि चित्रपटातल्या ज्या गोष्टीने मी अस्वस्थ झाले ती तिथेही आहे.

‘एक्स्प्लॉइटेशनपट’ ठरवलं. लेखाची सुरुवात अकिलियापासून करतेय, मामावी तिसऱ्या परिच्छेदात येईल. फक्त एक राहिलं: त्या शिल्पावरच्या ‘सोडून दिलं’ या ग्रीक शब्दाचा नेमका उच्चार देवनागरीत कसा लिहायचा? ग्रीक येणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा, रविवारपर्यंत लेख द्यायचा आहे.