मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसॅडरचे टॅपेट लावले, तरी एक वाजतोच

प्रश्न (गाडीवेडा): जुनी अ‍ॅम्बॅसॅडर, १४८९ सीसी पेट्रोल. पुस्तकात दिल्याप्रमाणे गरम इंजिनावर आठही टॅपेट (रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा आडवा हात, आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट) १५ थाऊला (०.०१५ इंच) लावले. सात गप्प झाले, पण रेडिएटरकडून मोजता सहावा अजून टकटक करतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) तर तिथेही बरोबर घासत जातो. शिवाय गरम झाल्यावर आयडलला गाडी मधूनच अडखळते. सहावा १२ थाऊवर आणू का?

पानाकाका: अंदाजाने नको. आधी त्या रॉकरचं टोक बघा, जिथे ते व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतं. बोट फिरवलंत तर दांड्याच्या जाडीएवढा उथळ खड्डा लागेल. फिलरची पट्टी खड्ड्याच्या दोन्ही काठांवर पुलासारखी टेकते, दांडा मात्र आत खड्ड्यात जातो. म्हणजे गेज १५ सांगतो आणि खरी फट १५ अधिक खड्ड्याची खोली. खड्ड्यात मावेल इतकी अरुंद पट्टी असेल तर तिने मोजा. कायमचा उपाय म्हणजे रॉकर बदलणे.

पण घाईने रॉकर शाफ्ट उपटू नका! त्याच्या ब्रॅकेटांचे चार मोठे नट हेडचेही (सिलिंडरवरच्या झाकणाचेही) आहेत. रेडिएटरचं पाणी थोडं उतरवा आणि हेडचे सगळेच नट क्रमाने, थोडे थोडे सैल करा. नुसते तेवढेच चार सोडलेत तर हेड वाकायचं, पॅकिंगही जायचं. परत आवळल्यावर आठही टॅपेट पुन्हा तपासावे लागतील, कारण हेड खाली बसलं की फट कमी होते.

टकटक: अडखळण्याचं कारण वेगळं वाटतंय. लावताना कुठला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता?

गाडीवेडा: ते नाही पाहिलं. रॉकर हाताला सैल लागला की लावत गेलो.

टकटक: मग तिथेच गडबड. कॅमची पाठ (उंचवट्याच्या उलटची गोल बाजू) पुशरॉडखाली, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांडीखाली, आलेली नसताना लावला, तर पाठीवर आल्यावर फट भलतीच निघते. चारही प्लग काढा आणि हँडलने इंजिन सावकाश फिरवा. नऊचा हिशोब धरा: आठवा पूर्ण दाबलेला, म्हणजे उघडा, असेल तेव्हा पहिला लावायचा, सहावा दाबलेला तेव्हा तिसरा, चौथा तेव्हा पाचवा, सातवा तेव्हा दुसरा. उलटही तसंच, बेरीज नेहमी नऊ.

लॉकनट आवळताना स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा. नटाबरोबर तो एक-दोन थाऊ हमखास फिरतो, म्हणून आवळल्यावर गेज परत घाला. हे काम लांबलं की इंजिन निवतं. तेव्हा चार झाले की पुन्हा गरम करून घ्या.

एक्झॉस्टचे १, ४, ५ आणि ८. त्यातला एखादा घट्ट असेल तर तो वाजत नाही, म्हणून लक्षात येत नाही. गरम झाला की पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं आणि कड जळते. वाजणारा सहावा इनटेकचा आहे, त्याची एवढी धास्ती नको.

गाडीवेडा: चौथ्यात ९ थाऊची पट्टीसुद्धा जेमतेम शिरतेय. १५ ला आणला तरी अडखळली तर?

पानाकाका: गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चौथा व्हॉल्व्ह दुसऱ्या सिलिंडरचा. त्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हचा. मग हेड उतरवावंच लागेल, आणि सहाव्याचा रॉकरही त्याच वेळी बदला.