हिटलरला म्हणे लोकांनी निवडून दिलं!

अश्वत्थ: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘युरोपातले हुकूमशहा लोकांनीच डोक्यावर बसवले, मग रडता कशाला?’ डोकंच फिरलं. जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७.३ टक्के, नोव्हेंबरात ३३.१. मतं उतरत होती! ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधान, केलं म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने, माजी चॅन्सेलर पापेनच्या नादी लागून. पापेनला वाटलं, गडी आपल्या मुठीत राहील. इटलीत मुसोलिनीचंही तेच. १९२२ मध्ये त्याचे मोर्चेकरी रोमबाहेर पावसात भिजत होते, राजाने लष्करी कायद्यावर सही केली नाही, आणि साहेब मिलानहून रात्रीच्या गाडीने आले.

नाना_सदाशिव: ३७ टक्के म्हणजे काय चिल्लर? सर्वांत मोठा पक्ष होता तो! पावासाठी पोतंभर नोटा न्याव्या लागल्या की लोक असंच करणार.

अश्वत्थ: नाना, नोटांची पोती १९२३ ची. त्यानंतर १९२८ ला नाझींना २.६ टक्के! मतं वाढली ती मंदीत. साठ लाख बेकार, आणि तेव्हाचा चॅन्सेलर ब्र्यूनिंग काटकसर करत बसलेला.

नाना_सदाशिव: बरं, तारीख तुमची. पण सगळेच हुकूमशहा राक्षस नव्हते. पोर्तुगालचा सालाझार बघा. प्राध्यापक माणूस, अर्थमंत्री होताच वर्षभरात अंदाजपत्रक ताळ्यावर. ना गणवेश, ना कवायती.

मडगावचो: गणवेश नव्हते? १९३६ ची पोरांची संघटना ऐकली नाहीत वाटतं. हिरवे शर्ट, पट्ट्याच्या बकलावर ‘एस’. त्याच वर्षी केप व्हर्द बेटांवर तार्राफालची राजकीय कैद्यांची छावणी उघडली. आणि पोर्तुगीज वसाहतींसाठीचा १९३० चा वसाहत कायदा आमच्या गोव्याच्याच माथी होता. माझ्या आजोबांच्या बहिणीची लग्नपत्रिका सेन्सॉरकडून पास होऊन आली. लग्नाची पत्रिका! मागे शिक्का. मुहूर्तात कसलं बंड शोधत होते देव जाणे.

नाना_सदाशिव: भावना समजतात. पण रस्ते स्वच्छ होते, चोऱ्या नव्हत्या. आमच्या काकांनी पणजीहून आणलेलं स्विस घड्याळ अजून चालतंय.

मडगावचो: काकांच्या घड्याळापायी आमचे तुरुंग माफ? १९४६ ला लोहियांच्या सभेनंतर गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्यांना थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. रस्ते स्वच्छ असणारच, सभाच होत नव्हत्या!

क्षितिज७७: घड्याळ आवरा. जर्मन कम्युनिस्टांचं कुणीच बोलत नाही. सोशल डेमोक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत बसले, एकत्र आले असते तर?

अश्वत्थ: अर्धं मान्य. पण २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात नाहीतर परागंदा. बाजूने ४४४, त्यात कॅथलिक सेंटर पक्षही. त्या सज्जनांना का सोडता?

नाना_सदाशिव: ठीक, सालाझार मागे घेतो. ३७ टक्के घेणार नाही.

मडगावचो: उपकार झाले.