पैठणच्या जुन्या गावात कॉम्प्लेक्स पाहिजे का? तुमचं मत सांगा

गोदाकाठ:
गावातल्या नाथ मंदिराकडं जाणाऱ्या गल्लीत तीन वाडे पाडून मोठं कॉम्प्लेक्स बांधायचं चाललंय. खाली दुकानं, मधी लॉज, वर फ्लॅट अन् जमिनीखाली पार्किंग. माझा विरोध हाय, अन् सगळ्यात जास्त त्या तळघराला. हे सातवाहन राजांच्या राजधानीचं प्रतिष्ठान हाय, इथून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरात माल जायचा, जुन्या गावात कुठंबी पाया खांदला की खापरं अन् मणी निघतेत. दोन हजार वर्षांचे थर जेसीबीनं उचलून ट्रॅक्टरमधी भरले की संपलं, ते परत कोणाला वाचता येणार नाहीत.

वाड्याचा वारस:
दादा, त्या तीनमधला एक वाडा आमचा हाय. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दरसाल पांढरी माती टाकायला आता माणूस भेटत नाही, छताच्या लाकडी कडीपाटाला वाळवी लागलीय, पावसाळ्यात आई घमेले घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरती. वारस अकरा, खर्च द्यायला एकबी पुढं येत नाही आणि भाडेकरू जे भाडं देतो त्यात कवेलूबी येत नाहीत. भिंत एखाद्याच्या अंगावर पडली तर तुम्ही येणार का?

वाळूजकर:
वारसभाऊंशी सहमत. आमच्या वयाची पोरं सगळी वाळूजच्या कंपन्यांत नाहीतर संभाजीनगरला, कारण गावात कामच नाही. नाथषष्ठीला लाखोंनी वारकरी येतेत, बायाबापड्यांना संडास-बाथरूम सापडत नाही, लॉज झाला तर बिघडतंय काय?

पैठणीचा माग:
लॉज होऊ द्या हो, पण आमचं काय ते बी बोला. आमचा माग त्याच वाड्याच्या ओसरीत हाय, भाड्यानं. एका साडीला कितीक महिने जातेत, गिऱ्हाईक ओसरीत येऊन विणताना बघतं अन् मगच घेतं. नवीन दुकानाचं डिपॉझिट आम्हाला झेपणारं नाही, म्हणजे तिथं मशीनच्या साड्या "पैठणी" म्हणून विकणारेच बसणार.

गोदाकाठ:
ताई, हेच म्हणायलो. अन् वाळूजकर, २००६ ला जायकवाडी धरणातून पाणी सोडलं तेव्हा गावात पाणी शिरलं होतं, विसरलात का? नदीकाठच्या गावात जमिनीखाली गाड्या ठेवायच्या म्हणजे पूर आला की आधी तेच भरणार, वर लॉजमधी माणसं झोपलेली. पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय नगरपरिषदेनं परवानगी देऊच नये. बांधा, पण तळघर नको, पाया खांदताना पुरातत्त्वचा माणूस तिथं उभा पाहिजे, उंची शेजारच्या वाड्यांएवढी, अन् मागवाल्यांना खालच्या गाळ्यांत आधी जागा, आजच्या भाड्यात.

वाळूजकर:
एवढ्या अटी घातल्यावर कोण बिल्डर येतो काका? तळघर नाही तर गाड्या गल्लीत लागणार, मग षष्ठीला दिंडी कुठून जाणार?

गोदाकाठ:
गाड्या गावाबाहेर लावायच्या, षष्ठीला तसंबी गाड्या बाहेरच अडवतेत. त्या गल्लीतून आज अग्निशमनची गाडी वळत नाही, तिथं अजून पन्नास बिऱ्हाडं आणायची म्हणजे जिवाशी खेळ हाय.

वाड्याचा वारस:
काका, तळघराचं पटलं. पण तुम्ही हरकतीचा अर्ज लिहायलात तर त्यात माळवदाच्या डागडुजीला सरकारनं पैसा द्यावा हे बी लिहा, शेवटी नाही, पहिल्याच मुद्द्यात लिहा, मग मी अन् माझे दोन चुलतभाऊ सही करतो. नुसतं "वाडे वाचवा" असलं तर माझी सही बिल्डरच्या कागदावर होणार, आईला अजून एक पावसाळा त्या घरात काढायला लावणार नाही.