भिवंडी आठवा

मोहल्ला समिती, म्हणजे शांतता राखण्यासाठी पोलीस आणि रहिवाशांची समिती, ही सणाआधी पोलीस ठाण्यात चहा, भाषणं आणि फोटो एवढीच असते, अशी तुमची तक्रार वाचली. आमच्याकडेही तेच चालतं, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण भिवंडीत वेगळं घडलं होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं हे यंत्रमागांचं शहर. तिथे १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू-मुस्लिम दोघांच्या समित्या उभ्या केल्या. पुढारी नव्हे, साधी माणसं घेतली. बैठका एरवीही व्हायच्या, किरकोळ भांडणं तिथेच मिटायची. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

माझ्या मते सगळं बीटच्या, म्हणजे त्या भागात गस्तीला नेमलेल्या, हवालदारावर असतं. आमच्या गल्लीतले जुने हवालदार संध्याकाळी किराणा दुकानाच्या फळीला टेकून पाच मिनिटं बोलायचे. गच्चीवर रात्री जमणाऱ्या पोरांबद्दल आईनं त्यांनाच हळूच सांगितलं होतं. ठाण्याची पायरी ती कधीच चढली नसती. त्यांची बदली झाली. नव्या हवालदाराचं नावही आज कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा समितीची पुढची बैठक ठाण्यात नको, मोहल्ल्यातच घ्या, असं पोलिसांना म्हणावं. आणि बायकांना सोयीची वेळ ठेवा.