मदत हवी आहे: ॲलर्जीच्या सर्दीवर अँटिऑक्सिडंट गोळ्या चालतात का?

वय ४२, राळेगाव तालुका, यवतमाळ. सोयाबीन हडंब्यात (मळणी यंत्रात) टाकायला लागलो की कुटाराच्या धुळीनं शिंका सुरू होतात, त्या कापूस वेचून होईपर्यंत राहतात. सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ताप नाही, दम लागत नाही, बिडी-तंबाखू नाही.

लेव्होसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जीच्या गोळीनं फरक पडतो, पण दिवसभर झापड येते. हडंब्यापाशी तसं उभं राहणं धोक्याचं. फ्लुटिकासोनचा (नाकात मारायचा स्टिरॉइड) स्प्रे दोन आठवड्यांपासून सुरू आहे. मिठाच्या पाण्यानं नाक धुतो, तोंडाला दुपट्टा बांधतो, धुऱ्यावरचं गाजरगवतही उपटलं.

आता मेडिकलवाल्यानं क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम या दोन अँटिऑक्सिडंट गोळ्या रोज घ्यायला सांगितलं. ॲलर्जीच्या सुजेत ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट कणांचा अतिरेक) असतो हे पटतं, पण गोळीनं शिंका कमी होतात का? मला २०२२ मध्ये मुतखडा झाला होता, ऑक्सलेटचा; जास्त क जीवनसत्त्वानं तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून पाकीट अजून फोडलं नाही. काढणी आटोपेपर्यंत यवतमाळला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाणं जमत नाही.

स्प्रे सुरू ठेवून या गोळ्या कोणी घेतल्या आहेत का, किती दिवसांत फरक पडला, आणि मुतखडा होऊन गेलेल्याला डॉक्टरांनी क जीवनसत्त्व किती चालेल म्हणून सांगितलं?