बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) घरातल्या आणि मशिदीतल्या गोष्टी : तुमचेही अनुभव लिहा

परवा आमच्याकडे रंगकाम निघालं. दाराच्या उजव्या चौकटीवरची बोटभर लांबीची पेटी रंगाऱ्याने 'जुनी बेल दिसतेय' म्हणून काढली आणि खिडकीत ठेवून दिली. आमची मेजुजा, आत शेमा या प्रार्थनेची चिठ्ठी असलेली! संध्याकाळी आई आत शिरताना सवयीने हात वर नेऊन बोटं टेकवायला गेली, ती थेट ओल्या ऑइलपेंटला. बोटं ओठांना लावणार तोच थांबली. मग रंगाऱ्याकडे बघून म्हणाली, "अरे बाबा, त्या बेलमध्ये साक्षात शेमा लिहिलाय."

त्यावरून हा धागा. आपल्या पूर्वजांचं नवगावपाशी फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेले सात पुरुष, सात बायका, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली हे सगळं आपण इतकं सांगितलंय की पोरं पुढची ओळ आधीच बोलतात. ते इथे नको. घरातलं, मशिदीतलं (म्हणजे आपल्या सिनेगॉगमधलं), साधंसुधं लिहा. शेजारीपाजारीही चालतील.

अलिबागहून

इस्रायल आळीतली मागेन अबोथ मशीद. गेल्या पावसाळ्यात वडिलांची बरसी होती. कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची तर दहा पुरुष हवेत, तेरा वर्षांवरचे. आम्ही नऊ. पूर्वी या मशिदीत पाय ठेवायला जागा नसायची म्हणतात. मी पाहिली आहे ती बाकं मोजता येतील अशीच.

भाचा म्हणाला, "मी उभा राहतो की." त्याला तेरावं लागायला दोन महिने कमी. काकांनी त्याच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "दोन महिन्यांनी ये, मग तुला रोज बोलवीन." फोन सुरू झाले. पेणचा एक जण तापाने पडलेला, रोह्याचे आजोबा मुलीकडे गेलेले. शेवटी पनवेलहून माझा मावसभाऊ निघाला. वडखळला गाडी अडकली. आम्ही दीड तास बसून. आतला दिवा, बाहेर पागोळ्या, आणि हज्जान (प्रार्थना चालवणारे) सगळ्यांना वडिलांच्या खोड्या सांगतायत. मावसभाऊ आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात उलटी झालेली छत्री. आत पाऊल टाकताच कुणीतरी मोठ्याने म्हटलं, "दहा!" आणि सगळे ताडकन उभे राहिले. एरवी तो इतका उशीर करतो की घरात त्याला कुणी विचारत नाही.

पुण्याहून

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाला, चिकाचा हलवा. आता बऱ्याच घरी चायना ग्रासवर भागवतात. मी काही म्हणत नाही, पण तो हलवा नव्हे.

गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं. खाली बसलेल्या घट्ट चिकात नारळाचं दूध आणि साखर. नारळाचंच, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. मग ढवळत राहायचं. थांबलात तर गुठळी, वास लागला तर सगळं गटारात. सासूबाई पातेल्याशी पाट घेऊन बसायच्या आणि आम्हा तिघी जावांना पाळीपाळीने बोलवायच्या. हलवा कडा सोडायला लागला की एक थेंब थाळीत पाडून बोट लावून बघायच्या. बोटाला चिकटला नाही तर झाला.

पहिल्या वर्षी मी एक दिवस पाणी बदलायला विसरले. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका नाक धरून वर आले, उंदीर मेलाय का विचारायला. सासूबाईंनी सांगितलं, "हो, काढतोय." आणि मला त्या वर्षी वड्या कापायला दिल्या नाहीत.

मुंबईहून, थोडक्यात

आजी टॅक्सीवाल्याला म्हणायची, "मांडवीच्या मशिदीत ने." तो हमखास दुसऱ्याच मशिदीसमोर उतरवायचा. आजी हुज्जत घालायची, "१७९६ सालची आमची मशीद, मशीद स्टेशनला नाव आमच्यावरून पडलंय!" बिचारा टॅक्सीवाला.

लोदहून, इस्रायल

इथे येऊन एकतीस वर्षं झाली. वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) आठवड्यात समोरची पोलंडकडची बाई आमच्या भाताचं पातेलं बघून हादरली. त्यांच्यात त्या सात दिवसांत भातही वर्ज्य. तिला समजावलं की आमच्यात चालतो, कोकणातल्या माणसाला सात दिवस भाताशिवाय ठेवलं तर तो परत समुद्रात उडी मारेल. हे हिब्रूत सांगताना मजा गेली. नातवंडांना मराठी कळतं, पण उत्तर हिब्रूत. फक्त 'बिरडं' हा शब्द तसाच राहिलाय. तिशा बाअबला, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या उपासाला, सोललेले वाल म्हणजे बिरड्याचा रोजा.

शेजारीण, ठाण्याहून

मी बेने इस्रायली नाही. शेजारच्या काकू नवस फेडला की मलिद्याचं ताट पाठवतात: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-मनुका, बाजूला पाच फळं. एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाहूचा प्रसाद. मी एकदा परतीच्या ताटात कोळंबीची खिचडी घातली. काकूंनी हसून ताट तसंच परत केलं आणि म्हणाल्या, "अगं, खवल्यांची मासळी आण, मी स्वतः साफ करीन." आता मी रावस आणते. पर आणि खवले दाखवायला तो आख्खाच आणते, म्हणजे वाद नको.

धागाकर्ती

मेजुजा परत बसली. रंगाऱ्यानेच बसवली, आई सांगत होती, "अजून वर. चौकटीचा वरचा तिसरा भाग. एवढं वर नको."

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या सुरुवातीला म्हणायच्या किडुशच्या (पेल्यावरच्या आशीर्वादाच्या) सरबताबद्दल दोघींनी विचारलंय. काळ्या मनुका मूठभर, धुऊन दोन पेले पाण्यात रात्रभर. सकाळी हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळा, मिक्सर नको, बी वाटली जाते आणि तुरट लागतं. साखर घालू नका. पुण्याच्या ताई, तुमच्याकडे घालतात हे ठाऊक आहे, भांडण नंतर.