अर्टिगासाठी ट्रॉली जॅक: २ टन की ३ टन? सोसायटीच्या पार्किंगमध्ये वापरायचा आहे

स्टिल्ट_पार्किंग
गाडी अर्टिगा पेट्रोल, मॅन्युअल गिअर. टायर रोटेशन, ब्रेक पॅड बघणं-बदलणं आणि जमलं तर इंजिन ऑइल, एवढी कामं घरी करायची आहेत. जागा मुलुंडला सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, खाली पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या. गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक आहे, पण तो स्टेपनी बदलण्यापुरताच. प्लास्टिकच्या पेटीत येणारा २ टनाचा छोटा ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) घ्यावा की ३ टनाचा मोठा? बॉटल जॅकने भागेल का? आणि मुंबईत हातात घेऊन बघायला कुठे मिळेल?

ग्रीसगन
टनाचा विचार आधी डोक्यातून काढा. रिकामी अर्टिगा साधारण १२०० किलोची. इंजिन पुढे असल्याने साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या चाकांवर, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली तरी जॅकवर सव्वासातशे किलोच येतात. २ टन भरपूर झाले.

बघायचं ते उंचीचे दोन आकडे. सर्वात खाली असताना जॅक किती उंच आणि पूर्ण वर गेल्यावर किती. पेटीतला छोटा जॅक साधारण १३५ मिमीपासून ३३० ते ३५० मिमीपर्यंत जातो. अर्टिगाचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिमी, त्यामुळे आत शिरायला अडचण नाही. अडचण वरच्या आकड्याची आहे. गाडी उचलायला लागलं की चाक लगेच जमीन सोडत नाही, आधी स्प्रिंग मोकळी होते आणि त्यातच कित्येक सेंटिमीटर खर्च होतात. शिवाय साध्या जॅक स्टँडची (उचललेल्या गाडीला टेकू देणाऱ्या तिवईची) सर्वात कमी उंचीच २७० मिमीच्या आसपास असते. स्टँड आत सरकवायचा तर दाराखालची सिल किमान २९० मिमीपर्यंत जायला हवी. पुढून मधोमध उचलताना गाडी मागच्या चाकांवर कलते, त्यामुळे जॅकपाशी जेवढी उचल मिळते त्याहून सिलला कमीच मिळते. छोटा जॅक इथे नेमका काठावर येतो.

म्हणून खाली १४० मिमी किंवा कमी आणि वर ४०० मिमीच्या पुढे, असा जॅक शोधा. तो बहुतेक वेळा अडीच-तीन टनीच निघतो. ताकदीसाठी नाही, उंचीसाठी घ्यायचा.

पाना१७
वरचं सगळं बरोबर, पण मुंबईत जॅक ठरवतं पार्किंग. छोट्या गाडीचा खण २.३ मीटर बाय ४.५ मीटरचा असतो. अर्टिगाची रुंदी १.७३५ मीटर. दोन्ही बाजूंना मिळून ५६ सेंटिमीटर उरले. तीन टनी जॅकचं धडच ६० सेंटिमीटरच्या वर भरतं आणि दांडा मीटरभर, शिवाय तो वरखाली हलवायला जागा लागते. बाजूने उचलायचं असेल तर शेजारची गाडी बाहेर गेलेली हवी. समोर येण्याजाण्याचा रस्ता मोकळा असतो, तिकडून क्रॉस मेंबरखाली (इंजिनखालच्या आडव्या पोलादी तुळईखाली) घालता येतो. खरेदीआधी टेप घेऊन खाली उतरा.

आणि कोणाची गाडी मेकॅनिकल स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या) असेल तर त्या पत्र्यावर जॅक लावायचाच नाही. उतारावरही नाही.

स्टिल्ट_पार्किंग
बाजूने सिलला जॅक लावायला दिलेल्या खाचेत लावला आणि एकेक चाक केलं तर छोटा चालणार नाही का?

ग्रीसगन
चाक सुटेल. पण स्टँड कुठे लावणार? खाच जॅकने अडवलेली. शेजारी सरकवून सिलच्या पट्टीवर कुठेही टेकवला तर पट्टी दुमडते, कारण खाचांपाशीच पत्रा मजबूत केलेला असतो. म्हणून पुढून क्रॉस मेंबरवर उचलायचं आणि दोन्ही खाचांखाली स्टँड लावायचे. गॅरेज जॅकसाठी मॅन्युअलमध्ये जो बिंदू दिलाय तोच धरा. ऑइल सम्प, गिअरबॉक्स, खालचं प्लास्टिक कव्हर यांना जॅक टेकता कामा नये. मागच्या आडव्या बीमवरही अंदाजाने लावू नका.

कधी खाचेत लावायची वेळ आलीच तर सॅडलवर (जॅकच्या वरच्या टेकणाऱ्या वाटीवर) मधे चीर असलेला रबर पॅड हवा. पट्टी चिरेत बसते आणि वजन दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर येतं. नुसत्या लोखंडी सॅडलने पट्टी चेपते, रंग उडतो आणि आपल्या दमट हवेत तिथूनच गंज धरतो.

टायर रोटेशनला मात्र स्टँड नसले तरी कात्रीच्या जॅकनेही निभतं. एका कोपऱ्यावर स्टेपनी लावायची आणि एकेक चाक फिरवत न्यायचं. वेळ जातो, एवढंच.

तेलकट_फडकं
बॉटल जॅकचं कोणी बोललं नाही. तो बंद असतानाच १५० ते २०० मिमी उंच असतो, बूड छोटं, वर टेकायला रुपयाएवढी जागा. ट्रक-टेम्पोच्या अ‍ॅक्सलखाली उत्तम. कारच्या सिलखाली नको.

पाना१७
पेव्हर ब्लॉकवर सांभाळा. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, सॅडल मागे सरकते, म्हणून जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे यावंच लागतं. ब्लॉकच्या फटीत चाक अडकलं की जॅक जागेवर राहतो आणि सॅडल बिंदूवरून घसरते. गाडी पडते ती बहुतेक अशी. खाली ५-६ मिमीचा लोखंडी पत्रा घाला, जॅकपेक्षा लांब. १८ मिमीचा प्लायही चालतो, पण त्यात चाकं रुततात. स्टँडच्या पायांखालीही प्लायचे तुकडे हवेत, नाहीतर सैल ब्लॉक एका बाजूने दबतो.

अजून एक. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, गिअर पुढच्या. पुढचा भाग उचलला की गिअरचा उपयोग संपला, हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर लावा. मागचा भाग उचलताना उलट: गिअरमध्ये ठेवा आणि पाचर पुढच्या चाकांना. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, हवेत जोर लावलात तर गाडी स्टँडवर हलते.

ग्रीसगन
स्टँड पिनवाले घ्या. दातेवाले पटकन लागतात, पण खटका दातावर पूर्ण बसलाय की नाही हे नजरेने कळत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या कंपनीने दातेवाले स्टँड परत मागवले ते याच कारणाने, भार असताना खटका सुटू शकत होता. पिन आरपार दिसते. लिहिलेली क्षमता एका स्टँडची की जोडीची, हेही वाचा. गाडी स्टँडवर उतरवली की बाजूने दोन्ही हातांनी हलवून बघायची, मगच चाक काढायचं. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा.

इंजिन ऑइलसाठी जॅकपेक्षा चाकं वर चढवायच्या रॅम्पची जोडी बरी, फक्त पेव्हर ब्लॉकवर ती घसरते, खाली रबर मॅट लागेल.

नागदेवी_फेरी
नागदेवी स्ट्रीट. मशीद स्टेशनवरून चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद. दुकानात जॅक पूर्ण वर करून घ्या आणि सिलिंडरच्या दट्ट्याभोवती तेल ओलावलंय का बघा. मग एखाद्याला त्यावर जोर द्यायला सांगून दांडा डावीकडे अगदी हळू फिरवा. हात सावकाश उतरला पाहिजे. धाडकन उतरणारा जॅक परत ठेवा, गाडीखाली तो ताब्यात राहत नाही. सील किट (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच) मिळतं का विचारा. ज्याचं किट मिळत नाही तो दोन-तीन पावसाळ्यांत भंगारात जातो. तीन टनी २५-३० किलोचा भरतो, लोकलने आणायचा विचार सोडा.

स्टिल्ट_पार्किंग
तीन टनी आणि पिनवाले स्टँड, ठरलं. पार्किंगमध्येच ठेवणार. पावसाळ्यात काय काळजी? आणि उभा ठेवला तर तेल गळतं का?

तेलकट_फडकं
उभा ठेवू नका, तेल झाकणातून झिरपतं आणि पंपात हवा शिरते. जॅकचा हात पूर्ण खाली, दट्ट्या आत, अशा स्थितीत चाकांवर आडवा. दट्ट्या बाहेर राहिला की त्यावर गंजाचे ठिपके येतात आणि तेच पुढे सील कापतात. चाकांना आणि सांध्यांना ग्रीस.

दांडा मारूनही हात स्पंजासारखा वर जायला लागला तर हवा धरली आहे. दांडा डावीकडे फिरवून व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि दहा-पंधरा वेळा पंप करा, मग बंद करून बघा. तरी पूर्ण वर जात नसेल तर तेल कमी आहे. हात खाली असताना भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ३२ नंबरचं हायड्रॉलिक तेल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, त्याने रबराची सीलं फुगतात. हवा नाही, तेलही पुरेसं आहे आणि तरी भार दिला की हळूहळू बसतो, तर बहुतेक व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकलेला असतो. जुनं तेल पूर्ण काढून नवीन घातलं की बऱ्याचदा सुटतो.